मराठा लाइट इन्फंट्रीतलं पहिलं वर्ष : बेळगावच्या गेटपासून पलटणीपर्यंत

भरतीचं मैदान कसं मारायचं, यावर माहितीचा पूर आहे. १६०० मीटर, बीम, लेखी, मेडिकल, सगळ्यावर कुणी ना कुणी सांगून ठेवलंय. यादीत नाव लागल्यावर पुढे काय, हे मात्र गावातल्या एखाद्या सुट्टीवर आलेल्या फौजीला गाठून विचारावं लागतं. तोही 'जाशील तेव्हा कळेल' म्हणून हसतो. हा लेख त्या पुढच्या बारा महिन्यांचा आहे. अग्निवीर जनरल ड्यूटीत निवड होऊन मराठा लाइट इन्फंट्री मिळालेल्यांसाठी तो लिहिला आहे, पण महार रेजिमेंटसाठी सागरला किंवा ब्रिगेड ऑफ द गार्ड्ससाठी कामठीला निघालेल्यांनाही तो उपयोगी पडेल. रेजिमेंट कुठली हे तुम्ही ठरवत नाही, आणि पायदळाचा ढाचा सगळीकडे सारखाच.

एक गोष्ट आधीच सांगतो. मैदान मारून आलेली पोरं धावण्यात सहसा कमी पडत नाहीत. पहिल्या वर्षात अडतात ती कागदांत, पायांत आणि रजेत. म्हणून या तिन्हींवर पुढे जास्त लिहिलं आहे.

१. वर्षाचा आराखडा समजून घ्या

अग्निवीरांच्या वर्षाला दोन तुकड्या सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राला येतात, साधारण मे आणि नोव्हेंबरच्या सुमारास. प्रशिक्षण ३१ आठवड्यांचं : पहिले १० आठवडे बेसिक, नंतरचे २१ आठवडे अॅडव्हान्स्ड. मे महिन्यात गेलात तर बेसिक ऐन पावसाळ्यात आणि कसम परेड, म्हणजे प्रशिक्षण संपताना शपथ घ्यायची परेड, डिसेंबरच्या आसपास. त्यानंतर थोडी रजा, मग पलटण (बटालियन). नोव्हेंबरवाल्यांचं बेसिक थंडीत होतं, पण अॅडव्हान्स्डचा शेवट उन्हाळ्यात येतो. लांबचे रूट मार्च आणि फायरिंग रेंज तेव्हा जीव काढतात.

बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो सांगली-सोलापूरच्या हिशेबाने मोजू नये. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मेच्या तुकडीने त्याच हिशेबाने बनियन, मोजे आणि आतले कपडे जास्त न्यावेत.

२. कागद : नावाची गडबड आधी सोडवा

महाराष्ट्रातल्या पोरांची सगळ्यात मोठी अडचण इथे होते. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं (पाटील राहुल सुरेश), आधारवर ते शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि आईचं नाव एका ठिकाणी 'सुमन' तर दुसऱ्या ठिकाणी 'सुमनबाई'. लष्करात तुमचं नाव, जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे चढतात. एकदा चढली की तीच चार वर्षं पगार, विमा आणि सेवानिधीला (चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या रकमेला) लागतात. म्हणून बोलावणं यायच्या आधीच आधार, पॅन आणि बँक खातं दहावीशी जुळवून घ्या. आधारमधली जन्मतारीख दुरुस्त व्हायला वेळ लागतो, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

बरोबर ठेवायचे कागद, मूळ प्रती आणि झेरॉक्सचे किमान तीन संच :

- दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला
- फोटोसह रहिवासी दाखला (तहसीलदारांचा)
- जातीचा दाखला. त्यावर धर्म लिहिलेला नसेल तर धर्माचाही दाखला
- शाळेचा चारित्र्य दाखला, आणि सरपंच किंवा नगरपालिकेचा फोटोसह चारित्र्य दाखला, सहा महिन्यांच्या आतला
- पोलीस चारित्र्य पडताळणी
- २१ वर्षांखालच्यांसाठी सरपंचांचा अविवाहित असल्याचा दाखला, फोटोसह, सहा महिन्यांच्या आतला
- नोटरीकडून केलेलं प्रतिज्ञापत्र, भरतीच्या जाहिरातीतल्या नमुन्यातच
- एनसीसी, खेळ किंवा सैनिकाचा मुलगा असल्याचा दाखला, असेल तर
- आधार, पॅन, स्वतःच्या एकट्याच्या नावावरचं बँक पासबुक
- २० रंगीत फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, तीन महिन्यांच्या आतले

फोटोबद्दल एक सूचना. स्टुडिओवाला चेहरा उजळ करतो, पार्श्वभूमी संगणकावर बदलतो; असे फोटो चालत नाहीत. साधा काढलेला फोटो मागा. आणि दाखल्यावरचा सहा महिन्यांचा हिशेब तुम्ही तो सादर कराल त्या दिवसापासून मागे मोजा. भरतीच्या वेळी काढलेला सरपंचांचा दाखला जॉइनिंगपर्यंत शिळा झालेला असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दाखल्यावरचा शिक्का फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा हवा, तेही तिथल्या तिथे बघून घ्या.

प्लास्टिकची झाकणाची फाईल घ्या. पावसात कापडी पिशवीतल्या कागदांचा लगदा होतो.

३. पेटी आणि प्रवास

भरती कार्यालयाच्या पत्रात सामानाची यादी असते, तीच खरी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्या पाहून बाजार भरू नका. वर्दी, बूट, बिस्तर सेंटरमध्ये मिळतं. पत्र्याची पेटी आणि दोन किल्ल्यांचं चांगलं कुलूप मात्र न्याच. एक किल्ली सोबत्याकडे नाही, स्वतःच्याच दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. सुईदोरा, बटणं, कपड्यांवर नंबर लिहायला न पुसणारं मार्कर, नखं कापायचं यंत्र आणि एक साधं घड्याळ एवढं पुरतं. सोन्याची साखळी, अंगठी, महागडा मोबाइल घरी ठेवा. मोबाइल सुरुवातीला जमाच होतो, त्यामुळे घरचे चार नंबर वहीत लिहून न्या. आता नंबर पाठ नसतात, आणि पहिल्या फोनच्या वेळी हे कळतं.

बेळगाव मिरज-लोंढा रेल्वेमार्गावर आहे. कोल्हापूरहून महामार्गाने साधारण ११० किलोमीटर. दिलेल्या दिवशी सकाळी पोहोचा, आदल्या रात्री स्टेशनवर झोपून नको. पहिल्याच दिवशी मेडिकलची फेरतपासणी असू शकते, आणि रात्रभर जागलेल्या माणसाचं रक्तदाब यंत्र काहीही दाखवतं.

४. पहिले दहा आठवडे

दिवस पहाटे सुरू होतो : पीटी, नाश्ता, ड्रिल, हत्याराचे वर्ग, दुपारी पुन्हा वर्ग किंवा खेळ, संध्याकाळी रोल कॉल. ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात. साधारण पायदळाची तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, लाइट इन्फंट्रीची त्याहून जलद. त्यामुळे पोटऱ्या पहिले पंधरा दिवस दगडासारख्या होतात. हे सगळ्यांचंच होतं, घाबरू नका.

उस्ताद (प्रशिक्षक) सांगेल तसं करायचं, आणि सांगितल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभं राहायचं. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना 'साहेब' म्हणायचं. हवालदाराला नावाने हाक मारायची नाही. एकाच्या चुकीसाठी सगळ्या प्लाटूनला रगडा मिळतो. त्यात त्या एकावर राग काढू नका. पुढच्या आठवड्यात तुमचीच पाळी असते.

लंगरमधलं जेवण भरपूर असतं. पहिल्या महिन्यात लाजून किंवा घाईने अर्धपोटी उठणारी पोरं दुसऱ्या महिन्यात वजन घालवून बसतात. नाश्ता चुकवू नका, आणि पीटीच्या आधी अर्धा लिटर तरी पाणी पोटात असू द्या.

५. पाय सांभाळा

सेंटरमधून मागच्या तुकडीत ढकललं जाण्याचं मोठं कारण पायांच्या दुखापती. याला रेलिगेट होणं म्हणतात. ठराविक दिवसांपेक्षा जास्त प्रशिक्षण बुडालं की तुमची तुकडी पुढे जाते आणि तुम्ही मागच्या तुकडीबरोबर राहता.

सगळ्यात वाईट म्हणजे नडगीचं दुखणं. गावाकडे मातीत, हलक्या बुटांत धावणारा पाय अचानक डांबरावर, जड बुटांत, दिवसभर आपटायला लागतो. हाडाला जुळवून घ्यायला आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ दिला नाही तर त्यात बारीक भेग पडते. ओळखायचं असं : स्नायूंचं दुखणं नडगीच्या लांबीभर पसरलेलं असतं आणि चालून गरम झाल्यावर कमी होतं. भेगेचं दुखणं एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी असतं, धावताना वाढतं आणि नंतर रात्री झोपेतही ठसठसतं. असं झालं तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट करा, म्हणजे आजारी असल्याची नोंद करा. एमआय रूममधून (युनिटच्या दवाखान्यातून) काही दिवस लाइट ड्यूटी किंवा आराम मिळतो. रेलिगेट होऊ म्हणून पोरं दुखणं लपवतात. मग भेगेचं फ्रॅक्चर होतं, दोन-तीन महिने पाय प्लास्टरमध्ये जातो आणि रेलिगेशन तर होतंच.

खरा इलाज घरी असतानाच आहे : निवड झाल्यापासून जॉइनिंगपर्यंत धावणं बंद करू नका. बरीच पोरं निकाल लागला की दोन महिने झोपून काढतात. आठवड्यातून चार दिवस धावा, त्यातले दोन दिवस डांबरी रस्त्यावर, आणि शेवटच्या महिन्यात जाड तळाच्या बुटांनी रोज अर्धा-पाऊण तास चाला.

दुसरा त्रास फोड आणि बुरशी. दोन जोड बूट मिळाले असतील तर आलटून पालटून वापरा. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. शेगडीजवळ किंवा थेट उन्हात ठेवलेलं कातडं तडकतं आणि मग तेच पायाला कापतं. झोपण्यापूर्वी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावडर लावा. नखं सरळ कापा, कडा गोल करायला गेलात तर नख मांसात शिरतं. फोड आला तर वरची कातडी सोलू नका. स्वच्छ करून त्यावर पट्टी चिकटवा. रूट मार्चच्या आदल्या दिवशी नवे मोजे घालू नका.

६. हत्यार : नेम नंतर, हिशेब आधी

हत्याराचे वर्ग सुरू होतात तेव्हा सगळ्यांना पहिल्याच दिवशी गोळी झाडायची असते. आधी आठवडे जातात ते उघडणं-जोडणं, पोझिशन आणि रिकाम्या हत्यारावर ट्रिगरचा सराव यात. इथे कंटाळा केलात तर रेंजवर उघडं पडाल.

नेमबाजीच्या चार गोष्टी शिकवल्या जातात : पकड आणि शरीराची मांडणी हत्याराला आधार देईल इतकी पक्की हवी, हत्यार जोर न लावता आपोआप टारगेटकडे वळलेलं हवं, साइट नीट जुळवलेली हवी, आणि गोळी सुटताना व सुटल्यावरही काहीच हलता कामा नये. नव्या पोराची गोळी बहुतेक वेळा चौथ्यात चुकते. आवाजाच्या भीतीने तो गोळी सुटण्याआधीच खांदा पुढे मारतो, गोळी खाली किंवा बाजूला जाते. उपाय एकच : रोज वीस मिनिटं रिकाम्या हत्यारावर सराव, श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि ट्रिगर हळूहळू दाबत जायचा, इतका हळू की कधी सुटेल हे तुम्हालाच कळू नये. गोळ्या टारगेटवर कुठेही पण एकत्र बसल्या तर उत्तम, झिरोइंग करून, म्हणजे साइट जुळवून, त्या मध्यभागी आणता येतात. इकडेतिकडे विखुरल्या तर साइटला दोष देऊ नका.

रेंजवरचा दुसरा नियम हिशेबाचा. जेवढ्या गोळ्या मिळाल्या तेवढी रिकामी खोकी (झाडलेल्या गोळ्यांची कवचं) परत द्यायची. एक खोकं कमी भरलं तर सगळी प्लाटून गवतात गुडघ्यावर बसून शोधते, अंधार पडला तरी. त्यामुळे खोकी उडून कुठे पडतात यावर सोबत्याला लक्ष ठेवायला सांगा आणि जागा सोडण्याआधी मोजा. जिवंत गोळी खिशात घेऊन येणं हा थेट गुन्हा आहे, 'आठवण म्हणून' वगैरे काही चालत नाही.

फायरिंगनंतर रायफल त्याच दिवशी साफ करायची, पण तिथे संपत नाही. दारूचा अवशेष हवेतली ओल ओढतो, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस बॅरल पुन्हा साफ करावी लागते. पुलथ्रूला (बॅरलमधून ओढायच्या दोरीला) फडकं बांधून चेंबरकडून मझलकडे, म्हणजे बॅरलच्या तोंडाकडे ओढा, फडकं स्वच्छ बाहेर येईपर्यंत, मग तेलाचा पातळ हात. जास्त तेल लावणं हीसुद्धा चूक आहे, त्यात धूळ चिकटते आणि पुढच्या फायरिंगला हत्यार अडकतं. जमिनीवर सुटे भाग ठेवायचे नाहीत, गमछा किंवा ग्राउंडशीट पसरून त्यावर उघडलं त्याच क्रमाने मांडा.

७. इतिहास पाठ करा, मग कसम परेड

कंपनी कमांडर कधीही विचारू शकतो, आणि उत्तर आलं नाही तर तुमच्या उस्तादाला खाली बघावं लागतं. एवढं तरी यावं : रेजिमेंटची मुळं १७६८ पर्यंत जातात. पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण, दुसरी काली पांचवीन. रेजिमेंटचं सेंटर बेळगावात १९२२ पासून. ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस'. युद्धघोष 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. दुसऱ्या महायुद्धातले दोन व्हिक्टोरिया क्रॉस, दोन्ही इटलीतले : नाईक यशवंत घाडगे, जुलै १९४४ (मरणोत्तर), आणि शिपाई नामदेव जाधव, एप्रिल १९४५. ४ फेब्रुवारी मराठा दिन, कारण १६७० मध्ये याच तारखेला तानाजी मालुसरेंनी कोंढाणा घेतला.

कसम परेडला घरच्यांना बोलावणार असाल तर तिकिटं आणि राहायची सोय आधीच करायला सांगा, त्या दिवसांत बेळगावातले लॉज भरलेले असतात. प्रत्येकाने ओळखपत्राची मूळ प्रत आणावी. गेटवर झेरॉक्स चालेलच असं नाही.

८. पलटणीत हजर होणं

कसम झाली की तुम्ही शिपाई. पोस्टिंग एखाद्या बटालियनला होतं आणि ती फील्डमध्ये (सीमेवर किंवा कारवाईच्या भागात) असू शकते किंवा पीसमध्ये (शांततेच्या छावणीत). मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंट आणि ओळखपत्र अंगावर ठेवा, पेटीत नाही. घरच्यांना पत्ता देताना गावाचं नाव सांगायचं नाही : आर्मी नंबर, नाव, कंपनी, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (लष्कराचं पोस्ट ऑफिस), एवढाच पत्ता.

पलटणीत साधारण आठशे माणसं. अल्फा ते डेल्टा अशा चार रायफल कंपन्या, त्याशिवाय मॉर्टर वगैरे जड हत्यारांची सपोर्ट कंपनी आणि हेडक्वार्टर कंपनी. तुमचा रोजचा संबंध सेक्शन कमांडर आणि कंपनी हवालदार मेजरशी येतो. अडचण असेल तर याच पायऱ्यांनी वर जायचं. प्लाटून कमांडर साहेबांना डावलून थेट अॅडज्युटंटकडे (पलटणीचं कामकाज बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) गेलात तर काम होईलही, पण कंपनीत नाव खराब होतं. सगळ्यांसमोर मांडायची गोष्ट असेल तर महिन्याचं सैनिक संमेलन त्यासाठीच असतं.

९. पलटणीचं वर्ष

पीसमध्ये वर्षाचा साचा ठरलेला असतो : आधी एकेकट्याचं प्रशिक्षण, कॅडर (पलटणीतले छोटे कोर्स) आणि फायरिंग, मग सेक्शन, प्लाटून, कंपनी अशी चढत जाणारी सामूहिक एक्सरसाइज, थंडीत मोठ्या एक्सरसाइज. मध्ये कंपन्यांच्या आपसातल्या स्पर्धा आणि वर्षातून एकदा इन्स्पेक्शन, ज्याच्या आधी पंधरा दिवस चुना आणि रंगाचा वास जात नाही. फील्डमध्ये पोस्ट, गस्त आणि सेंट्री ड्यूटी याभोवतीच सगळं फिरतं.

बीपीईटी, म्हणजे लढाईसाठीच्या तंदुरुस्तीची चाचणी, मात्र दोन्हीकडे. हत्यार आणि पिठ्ठूसह (पाठीवरच्या पिशवीसह) ५ किलोमीटर, ६० मीटर धाव, दोर, ९ फुटी खड्डा. चालत आलेल्या मोजमापात तिशीच्या आतल्यांना ५ किलोमीटर २५ मिनिटांत केलं तर एक्सलंट. चार वर्षांनंतर फक्त २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतात आणि त्यासाठी या सगळ्या चाचण्यांची नोंद पहिल्या वर्षापासून होते. 'यंदा पास झालो, पुढच्या वर्षी बघू' हा हिशेब इथे महागात पडतो. शक्य असेल तर सिग्नल, मॉर्टर किंवा ड्रायव्हिंगच्या कॅडरसाठी नाव द्या. ज्याच्या हातात एखादी कला आहे तो कंपनीला हवा असतो.

२६ जानेवारी, मराठा दिन, शिवजयंती, पलटणीचा रेझिंग डे (स्थापना दिन), गणपती, दसऱ्याचं शस्त्रपूजन, २७ ऑक्टोबरचा इन्फंट्री डे. या दिवशी बडाखाना (सगळ्यांचं एकत्र जेवण) असतो आणि त्याच्या आदल्या रात्री फटीग, म्हणजे अंगमेहनतीची कामं. नव्या पोरांनी तंबू ठोकायला आणि भाजी चिरायला जायची तयारी ठेवावी.

१०. पैसा

पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात आणि ९,००० सेवानिधीत. सरकार तेवढेच घालतं. चार वर्षांत तुमचे ५.०२ लाख आणि सरकारचे तेवढेच, वर व्याज. विमा ४८ लाखांचा, त्याचा हप्ता कापला जात नाही. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी नाही, हे घरच्यांनाही समजावून सांगा. वारसाचं नाव कागदोपत्री चढलं का हे कंपनी क्लार्ककडे जाऊन डोळ्यांनी पाहा, आईच्या नावाच्या स्पेलिंगसह. पहिल्या पगारावर बुलेट किंवा घरच्यांच्या ट्रॅक्टरचा हप्ता काढू नका. पाचव्या वर्षी हप्ता उरतो आणि पगार उरेलच याची खात्री नाही.

११. रजा

अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. प्रशिक्षणानंतरची रजा यातूनच जाते हे धरून चला. कंपनीतून एका वेळी ठराविकच माणसं सोडतात, त्यामुळे गणपती आणि दिवाळीला चढाओढ असते. कोकणातला पोरगा गणपती मागणार, घाटावरचा दिवाळी किंवा गावची जत्रा. रजेचा तक्ता बनतो तेव्हाच सांगा, सण आठ दिवसांवर आल्यावर नाही. सगळे दिवस एका दमात संपवू नका. घरात आजारपण आलं तर हाताशी आठ-दहा दिवस हवेत.

परतीचं तिकीट रजेच्या शेवटच्या दिवसाचं काढू नका, एक दिवस आधी निघा. रजा संपून हजर न होणं हा आर्मी अॅक्टच्या कलम ३९ खाली गुन्हा आहे आणि तो तुमच्या रेकॉर्डला लागतो. गाडी चुकली किंवा रस्ता बंद पडला तर लगेच कंपनीला फोन करा, आणि मोठ्या स्टेशनवर असाल तर तिथल्या एमसीओ ऑफिसमध्ये (सैनिकांचा प्रवास बघणाऱ्या लष्करी कार्यालयात) जाऊन नोंद करून घ्या. आजारी पडलात तर गावातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. जवळचं मिलिटरी हॉस्पिटल गाठा. तेवढं चालवत नसेल तर सरकारी रुग्णालयात दाखल व्हा, केसपेपर सांभाळा आणि युनिटला कळवा. रजेचं सर्टिफिकेट परत येईपर्यंत जपून ठेवा, ते हरवलं तर आधी पोलीस ठाण्यात नोंद करा आणि मग निघा.